तुरळक ठिकाणी म्हणजे आमच्याकडेच

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. ओठ दाबून हसलात तरी मला कळतं, वर्गात इतकी वर्षं तेच पकडलंय. हा किस्सा आमच्या गावठाणात इतक्या जणांनी इतक्या प्रकारे सांगितलाय, की एका प्रकारात तर मी स्वतःच अंगणातून उडाले असंही आहे. मी उडाले नाही. मिरच्या उडाल्या. पण माझ्यामुळे उडाल्या, एवढं खरं.

मी तेरेसा. कांदिवलीला टॉवर उभे राहिलेत ना, त्यांच्या मध्ये आमचं जुनं गावठाण अजून आहे. बैठी घरं, मध्ये क्रूस, क्रूसासमोर मोकळं अंगण. पूर्वेला बघाल तर जंगलाचे डोंगर. मी मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. निम्मं गावठाण माझ्या वर्गात बसून गेलंय, म्हणून मला सगळे टीचर म्हणतात. नवराही म्हणतो, चिडला की.

रिटायर झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात, मी हवामानाला लागले. कारण असं, की आयुष्यभर मी फळ्यावर खडूने बाण काढून वारे शिकवले. आणि मुलीने दिलेल्या नव्या फोनवर एक दिवस ते वारे खरोखर वाहताना दिसले. अख्खा अरबी समुद्र तळहातावर, त्यावर बारीक रेघा सरकतायत, कुठे वळतायत, कुठे गोल फिरतायत. माझा चहा गार झाला.

जेरी, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "काय बघतेस एवढं?"

म्हटलं, "वारा."

तो खिडकीतून बाहेर बघायला लागला.

मग काय, एक ॲप झालं, दुसरं झालं. उपग्रहाचे फोटो, तापमानाचे नकाशे, ढगांचे नकाशे. नातवाचे फोटो काढून टाकून मी ढगांना जागा केली, हे मुलीला अजून माहीत नाही. आणि मी लोकांना सांगायला लागले. कोणी गच्चीचं काम काढलं, विचारायला माझ्याकडे. कोणाला रविवारी उत्तनला जायचंय, माझ्याकडे. फेब्रुवारी-मार्चचे दिवस. मी म्हणायचे, "जा बिनधास्त, पाऊस नाही." आणि खरंच पाऊस पडायचा नाही. मुंबईत मार्चमध्ये पाऊस नाही हे सांगायला फोन कशाला लागतो? पण हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. मला तर नाहीच नाही.

आणि मग एक दिवस फिलोमिना मावशी आली.

आता मावशी कोण ते सांगायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा मसाला होतो. तीन-चार जातींच्या मिरच्या कडक उन्हात वाळवायच्या, इतक्या की हलवली तर आतलं बी वाजलं पाहिजे. मग धणे, तीळ, खसखस आणि मावशी कोणालाच सांगत नाही त्या अजून बऱ्याच गोष्टी भाजायच्या, सगळं कुटायचं आणि गडद काचेच्या बाटल्यांत दाबून दाबून भरायचं. म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. ऐंशी ओलांडलेली मावशी क्रूसासमोर खुर्ची टाकून बसते आणि दहा-बारा घरांचा मसाला तिच्या नजरेखाली होतो. कुटायला उखळ-मुसळ घेऊन वसईकडून बायका येतात. त्यांचे दिवस ठरलेले असतात. आमच्याकडून त्या पुढच्या गावाला जातात, थांबत नाहीत. त्यामुळे त्या यायच्या आत मिरच्या वाळायलाच हव्यात. आणि वाळत आलेली मिरची एकदा भिजली की तिला बुरशी धरते. मग फेकून द्यायची, आणि वर्षभर दुकानातला मसाला खायचा. आमच्याकडे त्यापेक्षा उपास बरा मानतात.

दर वर्षी मावशी हे एप्रिलमध्येच उरकते. त्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सगळं मेच्या मध्यावर गेलं. तेव्हा वळवाच्या सरी कधीही येतात, म्हणून ती काळजीत होती.

"काय गो बाय," मावशीने विचारलं. टीचर न म्हणणारी गावठाणात ती एकटीच. "तुझ्या फोनात पुढच्या महिन्याचं ऊन दिसतं का?"

मी नम्रपणे 'नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "दिसतं की मावशी. बस, चहा घे."

हवामान खात्याचा उन्हाळ्याचा अंदाज मी आधीच वाचला होता. आपल्या भागात नेहमीपेक्षा जास्त गरम दिवस राहण्याची शक्यता, असं त्यात होतं. तो अंदाज अख्ख्या मोसमाचा, आणि केवढ्या तरी मोठ्या भागाचा. आमच्या अंगणातल्या एका दिवसाशी त्याचा काय संबंध? पण मी मावशीला सांगितलं, "यंदा ऊनच ऊन."

मग एक ॲप उघडलं. त्यात पुढच्या दीड महिन्याचा एकेक दिवस दाखवतात. प्रत्येक दिवसावर एक चित्र. मी बोटाने सरकवत मे महिन्यात शिरले. सूर्य, सूर्य, ढग, सूर्य. अजून न उगवलेला दिवस, आणि त्याच्याखाली छत्तीस डिग्री लिहिलेलं, कोणीतरी आधी तिथे जाऊन बघून आल्यासारखं. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. माणूस कुठे पोचलाय, असं मनात आलं. मी लागोपाठ तीन सूर्यांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "मावशी, हे तीन दिवस धर."

मावशीने धरले. वसईच्या बायकांना चौथ्या दिवसाचं सांगून टाकलं. तिची सून लिंडा बँकेत ऑफिसर आहे, माझीच विद्यार्थिनी. तिने रजा टाकली. बाकीच्या घरांनीही मिरच्या आणल्या. म्हणजे एका बोटावर अख्खं गावठाण बसलं.

दोन दिवसांनी सहज ॲप उघडलं तर तिसऱ्या सूर्याच्या जागी ढग. आणखी दोन दिवसांनी तिथे वीज. मग परत सूर्य. इतक्या लांबून एकेक दिवस कोणाला दिसणार? ते ॲप दर वेळी नव्याने चिठ्ठी उचलत होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं ना? मी काय केलं, सूर्य आला त्या दिवशी ॲप बंद केलं आणि परत उघडलंच नाही.

आठवड्यावर आलं तेव्हा मात्र राहवेना. चार ठिकाणी बघितलं. तीन ठिकाणी तिसऱ्या दिवशी दुपारनंतर गडगडाट होता. चौथ्या ठिकाणी ऊन. मी जेरीला म्हटलं, "हे चौथं खूप चांगलं आहे."

"कशावरून?"

"बघ ना, किती स्पष्ट सांगतंय."

जेरीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तो आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासायचा, त्यामुळे त्याला चूक लगेच दिसते आणि तो ती लगेच बोलत नाही. एवढंच म्हणाला, "तुला पाहिजे ते सांगणारं एक सापडलं म्हणायचं."

मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही.

ठरल्या दिवशी मिरच्या उन्हात पडल्या. जुन्या चादरी, चटया, साड्या, जे मिळेल त्यावर. क्रूसाच्या पायापासून विहिरीपर्यंत सगळं अंगण लालच लाल. पहिला दिवस कडक ऊन. दुसरा दिवस त्याहून कडक. येणारा-जाणारा मला म्हणायचा, "टीचर, मानलं." मी नुसती मान हलवायचे, उन्हाची सोय मीच केल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आला. पिवळा. उद्या दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जना, वादळी वारा आणि पाऊस. लिंडानेच फोन पुढे केला.

"टीचर, हे काय लिहिलंय?"

"तुरळक ठिकाणी म्हटलंय. म्हणजे कुठेतरी एखाद्या ठिकाणी."

"म्हणजे आपल्याकडे नाही?"

"मुंबई केवढी मोठी आहे, लिंडा. मुलुंड आहे, घाटकोपर आहे."

खुर्चीतून मावशी म्हणाली, "मुलुंडवाल्यांना पण असंच कोणीतरी सांगत असेल, कांदिवली आहे म्हणून."

सगळे हसले. मीही हसले. पण मावशीने मिरच्या आवरायला सांगितलं नाही, कारण मी सांगितलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आभाळाकडे नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मी अंगणात आले. बी वाजायला लागलं होतं. अजून एक दुपार मिळाली की झालं. मावशीच्या शेजारी बसले आणि खात्री म्हणून रडारचं चित्र उघडलं.

रडार तुम्ही बघता का कधी? जरूर बघा. अंदाज वेगळा आणि रडार वेगळं. रडार पुढचं काही बोलत नाही. ढगाच्या पोटात आत्ता, या घडीला किती पाणी आहे ते दाखवतं. डोंगरापलीकडचा पाऊस इथे बसून दिसतो. मला तर दर वेळी ते उघडताना चर्चमध्ये शिरल्यासारखं वाटतं, आवाज आपोआप बारीक होतो.

तर चित्रात कल्याणच्या पलीकडे एक लालभडक डाग होता. मोठा, मधोमध जांभळा. मी चित्र मोठं केलं. मग मी कोपऱ्यातली वेळ बघितली, पहिल्यांदाच. नऊ पंचेचाळीस.

घड्याळात सव्वातीन वाजले होते.

"काय गो, काय दिसतं?" मावशीने विचारलं.

"काही नाही मावशी. सकाळी पावणेदहाचं चित्र आहे. यांनी नवीन टाकलंच नाही अजून."

"त्यात काय आहे?"

"सकाळी तिकडे मोठा ढग होता. पण बघ, सकाळचा ढग. यायचा असता तर आत्तापर्यंत आला नसता का? विरला वाटेत."

केवढं बिनतोड वाटलं मला ते. शेजारच्या दोघीतिघी चादरींची टोकं धरून उभ्या होत्या, त्यांनी टोकं सोडली. लिंडा म्हणाली, "मग मी जरा आडवी होते, टीचर." मी म्हटलं, "खुशाल."

साधारण अर्ध्या तासाने खाडीकडून येणारा वारा थांबला. नुसता थांबला. नारळाची झावळी हलेना. कावळे गप्प झाले. मग डोंगराच्या बाजूने एक गार झुळूक आली, मे महिन्यात, भर दुपारी, फ्रिजचं दार उघडल्यासारखी. तिला मातीचा वास होता.

मी मान वर केली.

डोंगरामागून ढग येतोय असं वाटलं नाही, डोंगरच वर वाढतोय असं वाटलं. काळानिळा. त्याची पुढची कड कोयत्यासारखी वळलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती टॉवरांच्या डोक्यावरून आमच्याकडे सरकत होती. कडेच्या खाली धुळीचा पिवळा पडदा. मध्येच आतल्या आत वीज फिरायची आणि ढगाचं पोट कंदिलासारखं उजळायचं. मी इतकी वर्षं हा ढग फळ्यावर काढला. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा काढायचे आणि खाली नाव लिहायचे. तो एवढा असतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं. खरंच सांगते, मला मिरच्या आठवल्याच नाहीत. मी तोंड उघडं टाकून उभी होते आणि मनात एवढंच, की किती सुंदर आहे हा.

"बाय," मावशी शांतपणे म्हणाली, "तो तुझा सकाळचा ढग."

आणि वारा आला.

पहिली चादर चारही टोकांनी उचलली गेली. रेशमपट्टीच्या मिरच्या होत्या तिच्यावर, हलक्या, वाळून खडखडीत झालेल्या. त्या पडल्या नाहीत, वर गेल्या. मग दुसरी चादर. मग तिसरी. क्रूसाच्या वर, नारळांच्या वर, टॉवरच्या चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत लाल मिरच्यांचा थवा. मागे तो काळा ढग आणि त्याच्यापुढे मिरच्या गोल गोल फिरतायत. अख्खं अंगण एक क्षणभर जागच्या जागी. धावायचं सोडून सगळे वर बघतायत. मावशीसुद्धा, ऑपरेशन केलेल्या डोळ्यावर हाताची सावली धरून.

मग तिखट खाली आलं.

वाळलेल्या मिरचीची धूळ आणि वादळी वारा, काय होणार? एकजात सगळे शिंकायला लागले. शिंकायचं, डोळे पुसायचे, आणि तिखटाचे हात डोळ्याला लागले म्हणून ओरडायचं. त्यातच चादरी गोळा करायच्या. लिंडा झोपेतून धावत आली आणि पहिलीच शिंक अशी दिली की हातातली पाटी सुटली. जेरी लुंगी सावरत आला. मी एका चटईवर अक्षरशः आडवी पडले, अंग पसरून, जमेल तेवढ्या मिरच्या अंगाखाली धरून. हा भाग लोक सांगतात तो खरा आहे.

आणि मग मी बघितलं, समोरच्या टॉवरमधून माणसं येतायत. वर्षानुवर्षं आम्ही त्यांना खिडक्यांत बघतो, ते आम्हाला वरून बघतात, बोलणं कधी नाही. ती माणसं हातात बेडशीट घेऊन लिफ्टने खाली आली होती. एक बाई म्हणाली, "पार्किंगमध्ये आणा, पार्किंगमध्ये." इंग्रजी बोलणारी पोरं, नाइटी घातलेल्या बायका, एक गुजराती आजोबा, सगळे शिंकत शिंकत मिरच्या वाहतायत. दोघांनी मावशीला खुर्चीसकट उचललं. शेवटची चटई आत आली आणि पाऊस पडला. पडला म्हणजे कोसळला. पलीकडचा क्रूस दिसेनासा झाला.

पार्किंगमध्ये गाड्यांच्या मध्ये लाल ढीग, भोवती आम्ही, नाकं लाल, डोळे लाल. मला वाटलं आता मला बोलतील. त्यापेक्षा आपण काहीतरी करत असलेलं बरं, म्हणून मी फोन काढला. रडार.

लाल डाग बरोबर कांदिवलीवर. आणि कोपऱ्यात वेळ, साडेदहा.

"हे बघा," मी म्हटलं, "साईटच बिघडलीय. आत्ता चार वाजलेत, पाऊस डोक्यावर पडतोय, आणि हे म्हणतात सकाळचे साडेदहा. साडेदहाला तर ऊन होतं."

लिंडा माझ्या खांद्यावरून वाकली. नाक पुसलं. "टीचर, वेळेच्या पुढे यूटीसी लिहिलंय."

"मग?"

"ते ग्रीनिचचं ना? म्हणजे आपल्याला साडेपाच तास मिळवावे लागतील."

पावसाचा आवाज एकदम फार मोठा झाला, असं मला वाटलं. नऊ पंचेचाळीस अधिक साडेपाच. सव्वातीन. ते चित्र त्याच मिनिटाचं होतं. ढग जिवंत होता, येत होता, आणि रडार मला तेच सांगत होतं. रेखावृत्तं, प्रमाणवेळ, ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. हा धडा मी दर वर्षी शिकवला. वर्गावर वर्ग.

"लिंडा, तुला कसं गं लक्षात राहिलं?" मी विचारलं.

"याच गणिताला तुम्ही मला शून्य दिलं होतं, टीचर. मी साडेपाच तास मिळवायचे विसरले होते."

पार्किंगमध्ये आधी कोणीतरी शिंकलं. मग जेरी हसला. मग सगळे.

तशी वाट लागली नाही फार. रेशमपट्टी निम्मी गेली. बाकीच्या कोरड्या राहिल्या होत्या, नुसत्या सर्द झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऊन निघालं, टॉवरवाल्यांनी आपली गच्ची उघडून दिली, वसईच्या बायकांनी दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्यांना मावशीने काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्या येताना माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. वरच्या मजल्यांच्या बाल्कन्यांतून लोक मिरच्या वेचून प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणून देत होते. पुढे त्या प्रत्येक घराला एकेक बाटली गेली.

बाटल्या भरताना मी मावशीजवळ जाऊन बसले. म्हटलं, आता हिला नीट समजावून सांगावं, निदान तेवढं तरी.

"मावशी, मोसमाचा अंदाज असतो ना, तो मोसमापुरता. त्यातून दिवस काढायचा नाही. महिनाभर आधी कोणी एखादा दिवस नेमका सांगत असेल, तर ऐकून सोडून द्यायचं. चार-पाच दिवसांचं बरंचसं जुळतं, पण चार ठिकाणी बघायचं आणि जास्त जण म्हणतील ते धरायचं, आपल्याला आवडेल ते नाही. आदल्या दिवशी खात्याचा इशारा आला, की आपलं ठिकाण त्यात आहे असंच समजायचं. आणि पुढच्या दोन-तीन तासांसाठी फक्त रडार."

मावशी बाटलीत मसाला दाबत ऐकत होती. मग तिने हात थांबवला.

"म्हणजे त्या दिवशी फोनातलं ते चित्र खरं सांगत होतं?"

"हो."

"अगदी खरं?"

"अगदी खरं, मावशी."

तिने वर माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्या फोनाचं तिला नवल वाटत होतं, आणि त्याहून जास्त माझं.

"मग पुढच्या वर्षी पण आण तो फोन," ती म्हणाली. "तू धर. लिंडा वाचेल."

दोन उन्हाळे झाले. मी धरते.